दाराखालची फट बुजवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस सुरू झाला की नातेवाईक आणि शेजारीपाजारी हमखास विचारतात, "दाराखालून पाणी येतंय, काय लावू?" डिसेंबरात तोच प्रश्न गार वाऱ्याचा असतो आणि मे महिन्यात धुळीचा. आमच्या कोकणातल्या घराची, शहरातल्या फ्लॅटची आणि ओळखीपाळखीच्यांची बरीच दारं मी गुडघ्यावर बसून मोजली आहेत, पट्ट्या बसवल्या आहेत, काही चुकीच्या बसवून परत काढल्याही आहेत. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. हे सगळं घराबाहेर उघडणाऱ्या दारांबद्दल आहे, म्हणजे मुख्य दार, मागचं दार, गच्चीचं आणि बाल्कनीचं दार.

एवढ्याशा फटीने असा काय फरक पडतो?

९० सेंटीमीटर रुंद दाराखाली १ सेंटीमीटरची फट म्हणजे ९० चौरस सेंटीमीटर उघडी जागा. तेवढंच भोक दाराच्या मधोमध पाडायचं म्हटलं तर ते साडेनऊ सेंटीमीटर लांब आणि तेवढंच रुंद होईल. त्यातून मूठ आरपार जाईल. असं भोक दारात कुणी ठेवून घेणार नाही. तळाशी आडवं पसरलेलं असल्यामुळे ते आपल्याला दिसत नाही, एवढंच.

थंडीत ही फट जास्त जाणवते, कारण घरातली उबदार हवा वर चढते आणि कौलांच्या सांध्यांतून किंवा व्हेंटिलेटरमधून निघून जाते. तिची जागा भरायला खालून गार हवा आत ओढली जाते. निफाडकडे हिवाळ्यात पारा एक आकडी होतो, तेव्हा अंगावर रजई असूनही फरशीवर पाय ठेवला की शिरशिरी येते ती यामुळे. विदर्भात उन्हाळ्यात याच फटीतून तापलेला वारा आणि धूळ येते आणि कूलरची केलेली मेहनत वाया जाते.

फट मोजायची कशी?

दार पूर्ण बंद करून, कडी लावून मोजा. नुसतं लोटलेल्या दाराचं माप चुकतं. बिजागरीकडे, मधे आणि कडीकडे अशा तीन ठिकाणी मोजा, कारण फट सगळीकडे सारखी क्वचितच असते. मोजपट्टी आत सरकत नसेल तर जुन्या पोस्टकार्डांची किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्यांची चवड फटीत घट्ट बसेल इतकी जाड करा आणि बाहेर काढून तिची जाडी मोजा.

कोणत्या महिन्यात मोजता हेही बघा. लाकडी दार पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. ऑगस्टमध्ये उंबऱ्याला घासणारं दार मे महिन्यात चांगली फट दाखवतं. पट्टी उन्हाळ्यात अगदी टेकवून बसवली तर पावसाळ्यात दार उघडायला खांदा लावावा लागतो. म्हणून माप मे महिन्यात घेतलं असेल तर पट्टी थोडी वर धरा आणि वरखाली सरकवता येणारीच पट्टी घ्या.

वारा खालूनच येतोय हे कशावरून ठरवायचं?

पंखे बंद करा. एक उदबत्ती पेटवून दाराच्या चारही कडांजवळून हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर तिथे फट नाही, जिथे तो एकदम वाकतो तिथून हवा येते. वारा असलेल्या दिवशी केलं तर लगेच कळतं. रात्री दिवे घालवून दुसऱ्याला बाहेरून बॅटरीचा झोत टाकायला सांगितलं तर खालच्या कोपऱ्यांतली भोकंही दिसतात. पुष्कळांच्या घरी मी हे केलं तेव्हा निम्मा वारा बाजूच्या चौकटीतून येत होता. तशा वेळी दार जिथे चौकटीच्या खाचेत बसतं तिथे फोमची किंवा रबराची चिकटपट्टी लावावी लागते. नुसती खालची फट बुजवून काम भागत नाही.

साप, विंचू यांची भीती आहे. पट्टीने ते थांबतात का?

माझ्या दृष्टीने या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. वारा आला तर आपण पांघरूण घेऊ, पण मण्यार आली तर काय?

आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार मुख्य विषारी साप आहेत. त्यांतली मण्यार रात्री फिरते, भक्ष्याच्या मागे घरात शिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला झोपेत चावते. तिच्या दंशाची वेदना फार कमी असते, खूणही पुष्कळदा दिसत नाही. मग पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात आणि घरच्यांना वाटतं अपचन झालं. असं काही दिसलं तर वाट न बघता १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप शोधत बसू नका.

फट बुजवल्याने धोका खरोखर कमी होतो, पण पट्टी दोन्ही टोकांना चौकटीपर्यंत पोचली पाहिजे. कोपऱ्यात बोटभर जागा राहिली तर बाकीच्या पट्टीचा उपयोग नाही. मऊ फोमची नळी सापाला आणि उंदराला ढकलून जाता येते, म्हणून गावच्या घराला ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेलं जाड रबर किंवा दाट ब्रश लावा. उंदीर आत आला नाही तर त्याच्या मागावर साप येण्याचं कारणही कमी होतं. एवढं करूनही खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावं. पट्टी लावली म्हणून ती सवय सोडू नका.

हार्डवेअरच्या दुकानात काय म्हणून मागू?

"दाराखालची रबर पट्टी" किंवा "डोअर सील" म्हणा. दुकानदार साधारण चार प्रकार दाखवेल.

पहिला म्हणजे कापडाच्या कव्हरात फोमच्या दोन नळ्या. ती दाराखालून सरकवायची, एक नळी आत राहते आणि एक बाहेर. शे-दोनशे रुपयांत येते, स्क्रू लागत नाही. आतल्या गुळगुळीत फरशीवर ठीक चालते. बाहेरच्या दाराला पाऊस लागला की कापड भिजतं, वास मारतं, शिवाय खाली अडकलेली वाळू फरशीवर ओरखडे काढते.

दुसरा प्रकार मागे चिकट असलेल्या सिलिकॉनच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीचा. तिसरा ॲल्युमिनियमच्या पट्टीत रबर किंवा ब्रश बसवलेला, स्क्रूने लावायचा. बाहेरच्या दाराला मी नेहमी हाच सुचवतो. फरशी किंवा उंबरा सपाट असेल आणि पाणी अडवायचं असेल तर रबर घ्या. दगडी किंवा खडबडीत फरशी असेल, अडचण धुळीची आणि झुरळांची असेल तर ब्रश घ्या. खाचखळग्यांत केस बसतात, रबर तिथे वरच्या वर राहतं. रबर घेताना वाकवून बघा. स्वस्त प्लॅस्टिक दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतं. चांगलं रबर दुमडून सोडलं की लगेच सरळ होतं.

चौथा प्रकार ऑटोमॅटिक. पट्टी दाराच्या खालच्या खाचेत लपलेली असते. दार बंद होताना बिजागरीकडचं बटण चौकटीवर दाबलं जातं आणि पट्टी खाली उतरते. दार उघडलं की वर जाते, म्हणून फरशीला घासत नाही. महाग असते, शिवाय दार उतरवून खाच पाडायला चांगला सुतार लागतो. नवीन दार करून घेत असाल तर तेव्हाच विचार करा.

पट्टी आतून लावायची की बाहेरून?

दार ज्या बाजूला उघडतं त्या बाजूला. आपली बहुतेक मुख्य दारं आत उघडतात, म्हणजे पट्टी आतून. उंबरा उंच असलेल्या अशा दाराला बाहेरून पट्टी लावली तर बंद करताना ती उंबऱ्याला धडकते.

याचा एक तोटा आहे. पाणी दाराच्या तळापर्यंत येतं आणि मग अडतं, त्यामुळे दाराची खालची कड ओली राहते. त्याबद्दल पुढे पावसाच्या प्रश्नात लिहिलं आहे.

मला स्वतःला बसवता येईल का?

हो. ड्रिल, हॅक्सॉ, कटर आणि स्क्रू ड्रायव्हर असला तर तासाभराचं काम आहे.

दार बंद करून आतल्या बाजूने चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत माप घ्या आणि दोन्हीकडे दोन-दोन मिलिमीटर सोडून ॲल्युमिनियम हॅक्सॉने कापा. कापलेली टोकं कानशीने घासा, नाहीतर मुलांच्या पायाला लागतात. रबर वेगळं कापा, आणि ॲल्युमिनियमपेक्षा किंचित लांबच ठेवा, म्हणजे ते कोपऱ्यात दाबून बसतं.

मग दार बंद ठेवूनच पट्टी दारावर धरा. रबर उंबऱ्याला टेकून दोन-तीन मिलिमीटर वाकलं पाहिजे. त्याहून जास्त दाबू नका. पट्टीला स्क्रूसाठी उभट भोकं असतात, खूण त्या भोकाच्या मध्यावर करा. सगळेजण खूण खालच्या टोकाला करतात आणि मग पावसाळ्यात पट्टी वर सरकवायला जागाच उरत नाही. खुणेवर दोन मिलिमीटरच्या बिटने छोटं भोक पाडा, नाहीतर कडेजवळचं लाकूड चिरतं. आधी फक्त दोन टोकांचे स्क्रू अर्धवट आवळून दार दहा वेळा उघडझाप करा. घासत नसेल, उदबत्तीचा धूर वाकत नसेल तर बाकीचे स्क्रू लावा.

चिकटवलेली पट्टी महिनाभरात सुटते. काय चुकतं?

बहुतेक वेळा दार पुसलेलं नसतं. दाराच्या तळाशी फरशी पुसतानाचं पाणी, फिनाईल आणि धूळ यांचा थर बसलेला असतो. चिकटपट्टी त्या थराला चिकटते आणि थरासकट सुटून येते. साबणाच्या पाण्याने पुसा, पूर्ण कोरडं होऊ द्या, मग लावा आणि दिवसभर दार कमी वापरा. सनमायकावर शेवटचा हात स्पिरिटचा दिला तरी चालतं. लाखेचं पॉलिश असलेल्या सागवानी दाराला मात्र स्पिरिट अजिबात लावू नका, पॉलिश विरघळून पांढरा डाग पडतो. भर पावसात हवा दमट असताना चिकटवायच्या भानगडीत पडू नये.

एका बाजूला फट जास्त आणि दुसऱ्या बाजूला दार घासतं. तिरकी पट्टी लावू का?

आधी दार सरळ करा. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले की दार कडीच्या बाजूला खाली उतरतं. कडीकडची बाजू धरून दार वर उचलून बघा, बिजागरी हलताना दिसेल. स्क्रू फिरतात पण आवळत नाहीत, म्हणजे भोक मोठं झालंय. काडेपेटीच्या दोन-तीन काड्यांची गुलं काढून त्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, वाळू द्या आणि त्यात स्क्रू पुन्हा लावा. आमच्या मागच्या दाराची अर्धी फट एवढ्याने गेली. पट्टी त्यानंतर घेतली.

पावसाचं पाणी पट्टी लावूनही आत येतं. असं का?

पट्टी शिंतोडे आणि वाऱ्याने ढकललेलं थोडं पाणी अडवते. दाराबाहेर पाणी साचत असेल तर कोणतीच पट्टी पुरी पडणार नाही. बादलीभर पाणी दाराबाहेर ओतून बघा. ते दाराकडे वाहत आलं तर काम गवंड्याचं आहे, फरशीला बाहेरच्या बाजूला उतार हवा. गच्चीच्या दारांना हा त्रास जास्त होतो, कारण वॉटरप्रूफिंगचे थर चढत जातात आणि गच्ची उंबऱ्याच्या बरोबरीला येते.

बाहेरची फरशी बरोबर असेल तर दुसरी जागा बघा: उंबऱ्याचा दगड आणि फरशी यांचा सांधा. पाणी पट्टीला शिवतही नाही, उंबऱ्याच्या खालून झिरपतं. सांधा खरवडून, कोरडा करून बाहेरून सिलिकॉन सीलंट भरा. तिसरी जागा म्हणजे दारच. तिरप्या पावसात दारावरून ओघळलेलं पाणी खालच्या कडेला येऊन आत वळतं. दाराच्या बाहेरच्या बाजूला, तळापासून जरा वर, छज्जासारखी उतरती लाकडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली की ते पाणी दारापासून दूर ठिबकतं. उंबऱ्यात अडकणार नाही एवढी ती वर असावी. कोकणात पडवी आणि पुढे आलेली पागोळी हेच काम करायची. सपाट भिंतीत उघडं दार बसवलं की ते काम दारावर येतं.

आणि एक गोष्ट जवळजवळ कुणीच करत नाही. दार उतरवून त्याची खालची कड रंगवा. रंगारी दाराच्या दोन्ही बाजू चकाचक करतो, पण खालची कड कोरी राहते आणि तिथूनच फ्लश डोअर पाणी पितं, फुगतं, थर सुटतात. प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात पुरतात. उतरवलेल्या दारावर पट्टी लावणंही सोपं जातं. त्याच वेळी चौकटीचे पाय टोचून बघा. स्क्रू ड्रायव्हर लाकडात सहज घुसला तर वाळवी किंवा कुज आहे, आणि आधी तिचा बंदोबस्त करायला हवा.

बाल्कनीला ॲल्युमिनियमचं सरकतं दार असेल तर खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात. ती पाणी जाण्यासाठीच आहेत. वारा येतो म्हणून ती सिलिकॉनने बुजवू नका. पुढच्याच पावसात ट्रॅक भरेल आणि पाणी हॉलमध्ये येईल.

उंबऱ्याला खिळा-स्क्रू मारायला घरात चालत नाही.

मारायची गरजही नाही. वरची पट्टी सगळी दारावर बसते. उंबऱ्यावर रोज हळदकुंकू वाहिलं जातं, रांगोळी काढली जाते, तिथे रबर लोंबत घासत राहिलं तर वाईटच दिसतं. अशा घरी मी ब्रशची पट्टी आतून, उंबऱ्याच्या आतल्या कडेला टेकेल अशी लावतो. पुढची बाजू मोकळी राहते.

काही जण फटीवर उपाय म्हणून उंबराच वाढवून घेतात. घरात वयस्कर माणसं असतील तर करू नका. रात्री अंधारात दोन इंचांची ठेच पुरते.

घर भाड्याचं आहे, दाराला भोकं पाडता येत नाहीत.

मालकांना विचारा, दारात येणारं पाणी थांबतंय म्हटल्यावर बहुतेक जण हो म्हणतात. नसेल तर चिकटपट्टी लावा, जाताना हेअर ड्रायरने गरम केली की सुटते. नुसती थंडी अडवायची असेल तर आजी करायची तेच करा. जुन्या लुगड्याची दाराच्या रुंदीएवढी लांब पिशवी शिवून त्यात वाळू भरायची आणि रात्री दाराला लावून ठेवायची. वाळूचं वजन असल्यामुळे ती जागची हलत नाही. दार उघडताना दरवेळी बाजूला करावी लागते, पण रात्रीपुरती उत्तम. वाळू आधी धुऊन उन्हात कडकडीत वाळवा.

उंदीर रबर कुरतडतात.

कुरतडतातच. पेन्सिल सरकेल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो आणि सुरुवात नेहमी कोपऱ्यापासून करतो. तिथे भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची घासणी उलगडून दाबून भरा. लोखंडी काथ्या नको, गंजतो आणि फरशीवर डाग पाडतो. त्रास फारच असेल तर दाराच्या तळाला बाहेरून चार इंच रुंद ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून घ्या.

पट्टी पायपुसण्यात अडकते.

पायपुसणं दाराच्या झोक्याबाहेर सरकवा किंवा पातळ घ्या. पट्टी वर उचलून फट पुन्हा उघडी करू नका.

सगळ्या फटी बुजवल्या तर घरात हवा कोंडणार नाही का?

बाहेरच्या दाराची फट बुजवली म्हणून गुदमरायला होत नाही. खिडक्या रोज उघडतातच. पण तीन ठिकाणी मी ठामपणे नको म्हणतो.

बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर त्या दाराची फट आणि झरोका बुजवू नका. गिझर जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आंघोळीला गेलेलं माणूस आतच बेशुद्ध पडतं. खरं तर गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. दुसरं, थंडीत खोलीत कोळशाची शेगडी पेटवत असाल तर त्या खोलीत कसलीही पट्टी नको, आणि दारं-खिडक्या लावून शेगडीजवळ झोपायचं तर कधीच नाही. तिसरं, स्वयंपाकघरातून बाहेर जाणारं दार. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो फरशीलगत साचतो. तिथे पट्टी लावायचीच असेल तर जमिनीलगतची दुसरी जाळी किंवा झरोका उघडा आहे याची खात्री करा.

दार लोखंडी किंवा फायबरचं आहे.

लोखंडी पत्र्याला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू किंवा पॉप रिव्हेट चालतो. भोकाच्या कडेला लगेच रेड ऑक्साइड लावा. पीव्हीसी आणि फायबरची दारं आतून पोकळ असू शकतात, तिथे लाकडाचा स्क्रू धरत नाही. रिव्हेट करा किंवा हलकी चिकटपट्टी वापरा.

बाहेरचा आवाज कमी होतो का?

थोडा. पॅसेजमधली बोलणी आणि लिफ्टचा आवाज कमी होतो, दिवाळीत फटाक्यांचा धूरही कमी येतो. इमारतीत आग लागून पॅसेज धुराने भरला आणि बाहेर पडता आलं नाही, तर पट्टी असली तरी दाराच्या तळाशी ओले टॉवेल दाबून ठेवा.

पट्टी किती टिकते? निगा काय राखायची?

ऊन किती लागतं त्यावर आहे. पश्चिमेकडच्या दाराचं रबर लवकर जातं. रबर साबणाच्या पाण्याने पुसा. रॉकेल, डिझेल किंवा तेल लावू नका, त्याने ते फुगून मऊ पडतं. ब्रशच्या पट्टीत केस आणि धुळीच्या गुठळ्या अडकतात, जुन्या दात घासायच्या ब्रशने महिन्यातून एकदा विंचरून काढा. मे अखेरीला, मृगाच्या पावसाआधी, सगळे स्क्रू एकदा आवळा आणि उदबत्ती पुन्हा फिरवून बघा. ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं टिकतं. दुकानात नुसतं आतलं रबर मीटरवर मिळालं तर तेवढंच ओढून बदला. जुन्या रबराचा बोटभर तुकडा नमुन्याला सोबत न्या, खाचेचं माप तोंडी सांगून जुळत नाही.